लेकीला खरं कधी सांगायचं?

प्रश्न : माझे मिस्टर शिक्षक आहेत. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. मोठं आतडं काढावं लागलं, किमो झाली. आता ते बरे आहेत, शाळेत जातात. त्यांच्या आतड्यात शेकडो पॉलिप (बारीक कोंब) होते म्हणून डॉक्टरांनी जनुकीय तपासणी करायला लावली आणि त्यात ‘एफएपी’ हा आनुवंशिक आजार निघाला. माझे सासरे ४१ व्या वर्षी ‘पोटाच्या दुखण्याने’ गेले होते. मग आमच्या ११ वर्षांच्या मुलीची तपासणी केली, तिच्यातही तोच दोष आला. पुढच्या महिन्यात तिची पहिली दुर्बिणीची तपासणी आहे. मी तिला सांगितलंय की पोटात जंत आहेत का ते बघायचंय. रोज संडासला गेली की मी बघितल्याशिवाय तिला पाणी ओतू देत नाही. खो-खोच्या संघातून काढलं. मला रात्र रात्र झोप नाही. धाकटा मुलगा ६ वर्षांचा आहे, त्याची तपासणी आत्ताच करावी का? मिस्टर या विषयावर एक शब्द बोलत नाहीत. सासूबाई म्हणतात कुलदेवीचं राहून गेलंय. नणंदेला अजून काही सांगितलेलं नाही, तिचा मुलगा दहावीला आहे म्हणून सासूबाईंनी थांबवलंय. आणि हे बाहेर कळलं तर उद्या मुलीच्या लग्नाचं काय?
– एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर :

ताई,

आधी त्या जंतांबद्दल बोलू या. तुमच्या बाकीच्या प्रश्नांना थोडी सवड आहे, याला नाही. तपासणीला जाण्याआधी लेकीला खरं सांगा, आणि तुम्ही दोघांनी मिळून सांगा.

जंतांसाठी एक गोळी पुरते हे तुमच्या मुलीला ठाऊक असणार. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत ती गोळी वाटतात, तिनेही वर्गात बसून चघळली असेल. जंतांसाठी कुणी भूल देत नाही, दोन दिवस पेजेवर ठेवत नाही, मोठ्या दवाखान्यात नेत नाही. आणि बाबा ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, आई रडत होती, त्या वेळी ती नऊ वर्षांची होती. नऊ वर्षांच्या मुलाला सगळं आठवतं. ती तुम्हाला विचारत नाही याचा अर्थ तिला शंका नाही असा धरू नका. विचारलं तर आईला त्रास होईल, एवढंच तिला समजलेलं असू शकतं.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मी तीसेक वर्षं काम केलं. सुरुवातीच्या काळात एका मुलाच्या आईवडिलांनी मला गळ घातली, त्याच्या आजाराचं नाव त्याच्यासमोर घेऊ नका. आजार वेगळा होता, तोही जन्मभराचा. मी ऐकलं. वर्षानुवर्षं आम्ही सगळे त्याच्यासमोर ‘अशक्तपणा’ म्हणत राहिलो. अकरावीच्या प्रवेशासाठी कागद शोधताना त्याच्या हाती जुनी फाइल लागली. तो एकटाच माझ्याकडे आला आणि म्हणाला, “तुम्हालाही माहीत होतं?” आजाराबद्दल त्याने त्या दिवशी काहीच विचारलं नाही. पुढे औषधं घ्यायला तो टाळाटाळ करू लागला, कारण आम्ही सांगू त्यातलं खरं किती, हे त्याला ठरवता येईना. त्यानंतर मी कुठल्याही आईबापांना असं लपवायला साथ दिली नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत तर खरं सांगण्याला आणखी मोठं कारण आहे. या आजारात पुढची सगळी मदार तिनं आपणहून, वर्षानुवर्षं तपासणीला येण्यावर आहे. आज तुम्ही तिला हाताला धरून न्याल. एकोणिसाव्या वर्षी ती पुण्याच्या होस्टेलवर असेल, तेव्हा कोण नेणार?

सांगायचं तर आधी तुम्हाला नीट समजायला हवं, म्हणून थोडं खोलात जाते. एफएपी म्हणजे फॅमिलियल अ‍ॅडिनोमॅटस पॉलिपोसिस. आपल्या पाचव्या गुणसूत्रावर ‘एपीसी’ नावाचं जनुक असतं, ते १९९१ साली ओळखलं गेलं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सतत झिजतात आणि चार-पाच दिवसांत नव्या येतात. एवढ्या वेगाने काही वाढत असलं की त्याला ‘आता पुरे’ म्हणणारं कुणी तरी लागतं. एपीसी ते काम करतं. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. तुमच्या मुलीत वडिलांकडून आलेली प्रत जन्मापासून बिघडलेली आहे. जिथे एखाद्या पेशीतली दुसरीही बिघडते तिथे छोटासा कोंब येतो. तोच पॉलिप. अशा पेशी असंख्य, म्हणून कोंबही शेकड्यांनी. एकेक कोंब म्हणजे कॅन्सर नव्हे. त्यातल्या एखाद्याचं कॅन्सरमध्ये रूपांतर व्हायला बहुधा कित्येक वर्षं जातात, आणि आपल्या हातात आहेत ती हीच वर्षं.

नेहमीच्या एफएपीमध्ये पॉलिप साधारण किशोरवयात दिसू लागतात. विशीच्या आधी कॅन्सर होणं दुर्मीळ आहे. काहीच केलं नाही तर मात्र चाळिशीच्या आसपास तो जवळजवळ प्रत्येकाला गाठतो. तुमच्या सासऱ्यांचं बहुधा हेच झालं असावं, आणि मिस्टरांच्या बाबतीतही थोडक्यात निभावलं. या वाक्यातले ‘काहीच केलं नाही तर’ हे शब्द मात्र नजरेआड करू नका. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात १९२४ पासून अशा घराण्यांची नोंद ठेवली जाते, पुढे इतर देशांतही अशा नोंदवह्या सुरू झाल्या. त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. त्रास सुरू झाल्यावर जे दवाखान्यात आले, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना तोवर कॅन्सर झालेला होता. घरात कुणाला तरी निघालं म्हणून ज्यांना बोलावून तपासलं, त्यांच्यात तो शंभरात मोजक्यांनाच सापडला. रक्त तेच, जनुक तेच, फरक फक्त आधी कळण्याचा. तुमची लेक या दुसऱ्या रांगेत आहे.

आता सांगायचं कसं. रविवारी दुपारी, धाकटा बाहेर खेळत असताना, तिघं बसा. पहिलं वाक्य हे असू द्या : “मी तुला जंतांचं सांगितलं ते खोटं होतं. कसं सांगावं ते मला सुचत नव्हतं.” हे वाक्य गाळू नका, पुढचं सगळं त्याच्या भरवशावर उभं राहणार आहे. मग साध्या शब्दांत : बाबांच्या आतड्यात खूप बारीक कोंब आले होते, त्यांना पॉलिप म्हणतात. ते आहेत हे कुणाला माहीतच नव्हतं, म्हणून त्यातल्या एकाचा कॅन्सर झाला. तुझं नाक जसं बाबांसारखं आहे, तशी कोंब यायची ही सवयही तुझ्या आतड्याला बाबांकडून आली आहे. पण तुझं आपल्याला आधीच कळलंय, म्हणून डॉक्टर मधूनमधून आत डोकावून बघणार आहेत.

बस. एवढंच. ऑपरेशन, लग्न, मुलंबाळं, काही काढू नका. तिने विचारलं तेवढ्याचं उत्तर द्या.

ती विचारेल, मला कॅन्सर आहे का? सांगा, तुझ्या वयात तो होणं फार दुर्मीळ आहे, आणि डॉक्टर बघणारच आहेत. पुढे होईल का? न तपासता राहिलो तर मोठेपणी होऊ शकतो, म्हणून आपण तपासत राहायचं. मी मरणार का? हा प्रश्न आला तर घाबरून “असं बोलू नये” म्हणू नका. तिला जवळ घ्या आणि सांगा की ते होऊ नये म्हणूनच हे सगळं चाललंय, आणि अशी तपासणी करत करत कितीतरी मुलं मोठी झालीत, आजी-आजोबाही झालीत. हे खरं आहे, निर्धास्तपणे सांगा. कदाचित ती काहीच विचारणार नाही आणि खेळायला पळेल. पळू द्या. मुलं अशी गोष्ट घोटाघोटाने पितात. दोन आठवड्यांनी भांडी लावताना अचानक एक प्रश्न येईल, तेव्हा हातातलं काम ठेवून उत्तर द्या.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे हमखास राहून जाते. तुमची मुलगी ११ वर्षांची आहे, लवकरच पाळी सुरू होईल. “संडासात रक्त दिसलं तर सांग” हे आपण तिला शिकवणार, आणि एक दिवस तिच्या चड्डीला रक्त लागणार. ती काय समजेल याचा विचार करा. पाळीबद्दल तिला आत्ताच, वेगळं आणि सविस्तर सांगा. कुठलं रक्त वाढत्या वयाचं आणि कुठलं आईला लगेच सांगायचं, यातला फरक समजावा.

तपासणीच्या तयारीचं कोष्टक दवाखान्यातून मिळेल, तेच प्रमाण माना. आधीचा एक-दोन दिवस हलकं, चोथा नसलेलं खाणं आणि मग निवळ पातळ पदार्थ, असा साधारण क्रम असतो. नारळपाणी, लिंबू सरबत गाळून, भाताची निवळ पेज. कोकम सरबत, डाळिंब, बीट, रोझ सिरप नको. लाल रंग आतड्यात रेंगाळला तर आत बघताना रक्तासारखा दिसतो. पोट साफ करायचं औषध चवीला वाईट असतं आणि पुष्कळ प्यावं लागतं. थंडगार करून स्ट्रॉने प्यायलं की जरा सुसह्य होतं. मुलांना तपासणी झोपेतच करतात, तिला काही कळणार नाही. पहिल्या वेळी आत एकही पॉलिप दिसला नाही तर तपासणी चुकीची होती असं समजू नका, ते नंतर येऊ शकतात. आणि पन्नास दिसले तर त्याचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. पुढची तारीख कधीची, एक वर्षाने की दोन, हे त्यावर ठरेल. तिचा स्वतःचा एक प्रश्न तिने स्वतः डॉक्टरांना विचारावा, एवढं मात्र घडवून आणा. तिचं आतडं, तिचा प्रश्न.

ऑपरेशन लागेल. बहुतेकांना लागतं. ते साधारणपणे शाळा संपता संपता किंवा विशीच्या आसपास, पॉलिपची संख्या आणि आकार बघून ठरवतात. गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ठेवायचा की तोही काढून लहान आतड्याची पिशवी करायची, हे तेव्हा ठरेल. मुलींच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. पिशवीच्या ऑपरेशनचा पुढे दिवस राहण्यावर परिणाम होऊ शकतो, हा विषय डॉक्टरांनी काढला नाही तर तुम्ही काढा. तोवर या ऑपरेशनची रोज आठवण काढायची गरज नाही. पॉलिप कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, डॉक्टर कधी कधी त्या देतात, पण त्या तपासणीची किंवा ऑपरेशनची जागा घेत नाहीत. काढे, पथ्यं, चूर्णं यांनी पॉलिप जात नाहीत. कुणी तसा शब्द देत असेल तर त्याच्याकडे वेळ घालवू नका.

आता संडास.

ताई, हे थांबवा. मी रागावून म्हणत नाही. तुमच्या जागी मी असते तर कदाचित मीही दाराबाहेर उभी राहिले असते. पण या वयात पॉलिप बहुधा काहीच खुणा देत नाहीत, म्हणूनच तर दुर्बीण लागते. रोज बघून तुम्हाला काही सापडणार नाही, आणि तिला मात्र रोज शिकायला मिळेल की तिचं शरीर ही आईने पहारा द्यायची जागा आहे. त्याऐवजी तिच्यावर सोपवा. विष्ठेत रक्त, दिवसेंदिवस न थांबणारे जुलाब, वजन उतरणं, खेळताना पूर्वी नव्हता असा दम लागणं, यातलं काही झालं तर तिने सांगायचं, आणि तुम्ही पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. बाकी भेळ जास्त खाऊनही पोट दुखतंच.

खो-खो तर उद्याच सुरू करा. धावल्याने, सूर मारल्याने पॉलिप वाढत नाहीत. तपासणीत एखादा पॉलिप काढला तर डॉक्टर थोडे दिवस जपायला सांगतील, तेवढंच. वर्षाचे ३६५ दिवस असतात. दवाखाना, तयारी, भूल उतरणं, रिपोर्ट असं सगळं धरलं तरी हा आजार त्यातले चार-पाच दिवस मागतोय. तुम्ही त्याला सगळे देऊन बसलात. उरलेले तिला परत द्या.

तुमच्या झोपेचं मात्र मी सोडून देणार नाही. रात्र रात्र जाग असेल तर तेही दुखणंच आहे, त्याचा इलाज करा. मुलीचे उपचार जिथे चालू आहेत तिथल्या समुपदेशकांशी बोला, किंवा १४४१६ या सरकारी ‘टेलि-मानस’ हेल्पलाइनवर फोन लावा. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

धाकट्याची तपासणी आत्ता केली नाही तरी चालेल. नियम असा की, निकालाने काही करायचं बदलत असेल तेव्हा तपासणी करायची. दुर्बिणीची वेळ १० ते १२ व्या वर्षी येते, तोवर थांबता येतं. एफएपी असलेल्या अगदी लहान मुलांत यकृताची एक गाठ क्वचित होते, पण ती बहुतेक पहिल्या चार-पाच वर्षांतली गोष्ट, आणि तुमचा मुलगा ते वय ओलांडून आलाय. वर सांगितलेली लक्षणं त्याच्यात दिसली तर अर्थातच थांबायचं नाही. आणि वाट बघणं तुम्हाला खरोखर असह्य होत असेल तर जनुकीय समुपदेशकांशी बोलून आधी करा, त्यात काही पाप नाही. शक्यता निम्मी-निम्मी आहे, नाणेफेकीसारखी, आणि बहिणीत आलं म्हणून त्याच्यात येणार किंवा येणार नाही असं काही ठरत नाही. त्याच्यात नसेल तर त्याला यातली एकही तपासणी लागणार नाही. मिस्टरांच्या रिपोर्टमध्ये जनुकातला नेमका बदल अक्षर-आकड्यांत लिहिलेला असेल, ते पान जपून ठेवा, त्याच्या प्रती काढा. घरच्या माणसांत तेवढाच एक बदल शोधायचा असतो.

ती प्रत पहिल्यांदा तुमच्या नणंदेला द्या, याच आठवड्यात. तिच्या मुलाच्या दहावीचं सगळे बोलताय आणि नणंदेचा स्वतःचा विचार कुणीच करत नाहीये. वडील ४१ व्या वर्षी गेले, भावाला ३८ व्या वर्षी निघालं, मग बहिणीला किती वर्षं थांबायला सांगणार? तिचीही शक्यता निम्मी, आणि तिचं वय कॅन्सर येण्याच्या ऐन पट्ट्यातलं आहे. तपासणी आधी तिने करायची. तिच्यात दोष नसेल तर मुलाला तो या घराकडून येऊच शकत नाही, त्याला त्यातलं काही सांगायचीही वेळ येणार नाही. असेल, तर दहावी असो की बारावी, त्याचं वय पॉलिप सुरू होण्याचं आहे. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सरच्या आनुवंशिकतेसाठी वेगळा विभाग आहे, सगळं कुटुंब एकदम दाखवायला ती चांगली जागा. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांनी तरुणपणी नवरा गमावला, मुलाचं ऑपरेशन पाहिलं, आता नातीचं ऐकलं. इतक्या दुःखाला कारण हवं असतं. त्यांना शांतपणे सांगा की त्यांच्या मालकांच्या दुखण्याला नाव होतं, ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, त्यांच्या हातून काही राहून गेलं नव्हतं. कुलदेवीला जायचं असेल तर सगळे मिळून जा, पोरांनाही न्या. फक्त तपासणीची तारीख त्यासाठी हलवू नका.

लग्नाबद्दल थोडक्यात बोलते, कारण नवरी अकरा वर्षांची आहे. ही माहिती तिची आहे. वर्गशिक्षिकांना हवं तर सांगा, म्हणजे तपासणीच्या आधी-नंतर तिला रजा आणि संडासला जायची मुभा मिळेल. रक्ताच्या नात्यातल्यांना सांगायलाच हवं. गावाला, भिशीला, फॅमिली ग्रुपवर सांगायची गरज नाही. मोठी झाल्यावर ज्याच्याशी लग्न करायचं त्याला ती स्वतः सांगेल, आणि लग्नाआधी सांगेल. आज तुम्ही हे लाजेची गोष्ट असल्यासारखं दडवलंत तर तेव्हा तिलाही ते मान खाली घालूनच सांगावं लागेल.

आता तुमच्या मिस्टरांसाठी. हे त्यांना वाचायला द्या.

सर, तुम्ही बोलत नाही यामागे ‘माझ्यामुळे झालं’ हे असणार, असा माझा अंदाज आहे. तुम्ही हे जनुक निवडलं नाही, तुमच्या वडिलांनीही नाही. तुमच्या वडिलांना कुणी वेळेवर तपासलं नाही, तुम्हालाही नाही. या घरात हे आधीच कळलेलं पहिलं माणूस म्हणजे तुमची लेक, आणि ते तुम्ही आजारी पडलात, तुमच्या रक्ताची तपासणी झाली, म्हणून कळलं. तिला दुर्बीण कशी असते, औषध किती खारट लागतं, भूल उतरताना कसं वाटतं, हे घरात फक्त तुम्ही सांगू शकता. मोठं आतडं नसलेला माणूस सकाळी आंघोळ करून शाळेत जातो, फळ्यावर गणितं सोडवतो, हे तिला डॉक्टरांनी तोंडी सांगायला नको, तिच्या डोळ्यांसमोर तो रोज वावरतोय. तुमचा गुदाशय ठेवला असेल तर तुम्हालाही दर सहा महिन्यांनी-वर्षाने दुर्बिणीची तपासणी आहेच. पुढच्या वेळेपासून दोघांच्या तारखा एकाच आठवड्यात मिळतात का ते विचारा, आणि एकाच गाडीने जा.